३१२ नंबरचं भूत

सगळ्यात आधी एक कबुली. या जानेवारीत एका रात्री सव्वा वाजता गर्ल्स हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून एक किंकाळी ऐकू आली होती. तिच्यावर पुढे दोन आठवडे मेसमध्ये चर्चा चालली. फर्स्ट इयरच्या मुली रात्री वॉशरूमला तिघी-तिघी जायला लागल्या, आणि वॉचमन काकांनी जिन्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. ती किंकाळी भुताची नव्हती. माझी होती. रेक्टर मॅडम, सॉरी! तुम्ही दार वाजवलंत तेव्हा आम्ही तिघी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो आणि लॅपटॉप धुळ्याच्या पांघरुणाखाली चालू होता.

धुळे म्हणजे माझी रूममेट. आमच्या खोलीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. एक धुळे, एक लातूर आणि मी सांगली. पहिल्या दिवशी "कुठची गं तू?" असं विचारलं आणि जे उत्तर आलं तेच नाव पडलं. आता लातूरचं खरं नाव मला हजेरीच्या वेळीच आठवतं.

आणखी एक कबुली म्हणजे माझं मराठी. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड होता, त्यामुळे माझं सगळं मराठी घरात, आजीकडून आणि रिक्षातल्या गप्पांमधून आलेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांवर. मी इंग्रजी विभागात लिहिणार होते, पण धुळे म्हणाली, "घाबरलीस तेव्हा 'आई गं' ओरडलीस ना, मग लिही मराठीतच." मुद्दा बरोबर होता.

तर तो गेम. नाव 'रेसिडेंट ईव्हिल'. जपानमध्ये त्याला 'बायोहझार्ड' म्हणतात. कॅपकॉम कंपनीने १९९६ साली तो प्लेस्टेशनवर आणला, दिग्दर्शक शिंजी मिकामी. भीतीचे गेम त्याआधीही होते, खुद्द कॅपकॉमचाच १९८९चा 'स्वीट होम' होता, पण 'सर्व्हायव्हल हॉरर' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो या गेममुळे. मग २००२ साली मिकामींनीच तो सगळा नव्याने बनवला आणि २०१५ साली तो जरा घासूनपुसून पीसीवर आला. आम्ही खेळलो तो हा. खरं कारण सांगायचं तर माझा लॅपटॉप काकांच्या ऑफिसातून निवृत्त झालेला आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, पंखा विमानासारखा आवाज करतो. नवे गेम त्यावर उघडतच नाहीत. हा एक चालला. तिघींनी वर्गणी काढून सेलमध्ये घेतला.

गोष्ट साधी आहे. १९९८चा जुलै महिना, अमेरिकेतलं एक काल्पनिक शहर, जवळच्या डोंगरात माणसांचे मुडदे सापडताहेत. पोलिसांचं खास पथक तपासाला जातं, जंगलात कुत्रे मागे लागतात आणि उरलेसुरले लोक पळत एका जुन्या वाड्यात शिरतात. वाडा म्हणजे आपला चौसोपी नव्हे हं, इंग्रजी पद्धतीचा, लाकडी जिने, झुंबरं, तैलचित्रं. तुम्ही क्रिस नाहीतर जिल व्हायचं. आम्ही जिल. तिच्या खिशात आठ वस्तू मावतात, क्रिसच्या फक्त सहा. (बायकांच्या कपड्यांना खिसे जास्त, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.)

सुरुवातीलाच एक लांबलचक जेवणघर आहे. टेबल, शेकोटी आणि एक मोठं उभं घड्याळ. दुसरा कुठलाच आवाज नाही, फक्त त्या घड्याळाची टिकटिक. माझ्या अंगावर तिथेच काटा आला, कारण हुबेहूब तसलंच घड्याळ आमच्या शाळेत सिस्टर लोकांच्या पार्लरमध्ये होतं. बोलावणं आलं की त्या घड्याळाखाली बाकावर बसून वाट बघायची. आत काय होणार ते माहीत नसायचं. पुढच्या खोलीत काहीतरी खाली वाकून बसलंय, मचमच आवाज येतोय, आणि मग ते हळूच मान वळवून आपल्याकडे बघतं. त्याला घाईच नाही. सिस्टरसुद्धा नेमक्या तशाच मान वळवायच्या.

आता ही भीती तयार कशी होते ते आपल्या मंडळींना सांगायला पाहिजे, कारण त्यात खरा इंजिनिअरिंगचा फंडा आहे. मूळ प्लेस्टेशनची मेन मेमरी होती २ एमबी. आज आपल्या असाइनमेंटच्या पहिल्या पानावरचा कॉलेजचा लोगो तेवढा असतो. असलं नक्षीदार घर त्या मशीनला क्षणाक्षणाला काढता येणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक खोलीची चित्रं आधीच तयार करून ठेवली आणि त्यांवर फक्त माणसं हलवली. चित्र तयार म्हणजे कॅमेरा पक्का. तो खोलीच्या एका कोपऱ्यात चिकटलेला. जिल कोपऱ्याकडे चालत जाते, पलीकडून पाय घासत येणारा कुणीतरी तिला दिसत असणार, पण मला दिसत नाही. फक्त ऐकू येतं. तसंच दारांचं. खोली बदलली की सीडीवरून नवी माहिती यायला वेळ लागायचा, तेवढ्यात दाखवायचं काय? तर काळ्या पडद्यावर एक दार, ते सावकाश करकरत उघडतंय. लोडिंगचा वेळ होता, त्याची छाती धडधडवणारी पाच सेकंदं झाली. 'सायलेंट हिल' नावाच्या १९९९च्या गेममध्ये असंच धुकं आहे. मशीनला लांबचे रस्ते काढायला जमत नव्हतं, म्हणून अख्खं गाव धुक्यात बुडवलं, आणि लोक आजही त्या धुक्यासाठीच तो गेम आठवतात. प्रोजेक्टमध्ये आपलं काही जमलं नाही की आपण "सर, फ्यूचर स्कोप" म्हणतो. यांनी धुकं काढलं.

किंकाळीचं राहिलंच. वाड्यात एक खिडक्यांची बोळकांडी आहे. धुळ्याने भावाकडून ऐकलं होतं की तिथे काच फोडून कुत्रा आत येतो. त्यामुळे आम्ही तयारीत. लातूरने उशी तोंडावर धरली, मी बंदूक रोखून पावला-पावलाने पुढे. काच तडकल्याचा आवाज झाला... आणि काहीच नाही. बोळकांडी संपली. धुळ्याने भावाला शिव्या घातल्या. मग तासाभराने दुसऱ्याच कामासाठी तिथून परत जात होते, मेसच्या उद्याच्या भाजीबद्दल बोलत होतो, आणि खळ्ळकन कुत्रा आत! नंतर कळलं की १९९६च्या गेममध्ये तो पहिल्याच फेरीत यायचा. २००२ साली नव्याने करताना त्यांनी जुन्या खेळाडूंनाच फसवलं. आधी फक्त काच तडकवली, आणि माणूस निर्धास्त झाल्यावर कुत्रा सोडला. म्हणजे आमची फजिती धुळ्याच्या भावामुळे झाली.

आता तुम्ही म्हणाल, पैसे देऊन घाबरायची हौस कशाला? हा प्रश्न मी स्वतःलाच बरेच दिवस विचारला. मी भुताखेताची माणूस नाही. आजी पिंपळावरच्या मुंजाच्या गोष्टी सांगायची तेव्हाही मी "मुंजा पावसाळ्यात कुठे बसतो?" असले प्रश्न विचारायचे. लातूरकडे नारायण धारपांची पुस्तकं आहेत. दोन वाचली, सॉलिड आहेत, एक तर संपवून पाठ भिंतीला लावून बसले होते. पण पुस्तकात दार उघडतं ते लेखक उघडतो. सिनेमात तर आपण डोळे मिटले तरी हिरॉइन तळघरात जातेच. इथे जिल जात नाही. मी बटन दाबल्याशिवाय ती त्या दारापुढे रात्रभर उभी राहील, श्वास घेत. दार मलाच उघडायचं असतं. आणि मी चक्क वीस मिनिटं उघडलेलं नाही, असंही झालंय.

दुसरं म्हणजे हिशोब. या गेममध्ये खरी गंमत मारामारीत नाहीच, हिशोबात आहे. पिस्तुलात पंधरा गोळ्या. एका झोंबीला कधी पाच लागतात, कधी सात-आठ. म्हणजे दोन झोंबींत पिस्तूल रिकामं. खिसे आठ, त्यात एक चावी, एक औषधाचा पाला, एक चाकू. हिरवा पाला थोडा बरं करतो, लाल पाला एकटा काहीच करत नाही, दोन्ही एकत्र केले की पूर्ण बरं. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर शोधायचा, आणि त्यासाठी शाईची रिबीन लागते. रिबिनी मोजक्याच. म्हणजे "आत्ता सेव्ह करू का अजून दोन खोल्या बघू?" हाच प्रश्न सगळ्यात भयंकर. लातूर सिव्हिलची, तिने ग्राफ पेपरवर वाड्याचा नकाशा काढला आणि समासात हिशोब ठेवला. गोळ्या २२, रिबिनी ३, पाला हिरवा २. ती स्वतः कधीच खेळली नाही, पण मी एखादी गोळी भिंतीत घातली की तिचा चेहरा कासावीस व्हायचा.

तो समास बघताना मला दरवेळी आमच्या घरचं कॅलेंडर आठवायचं. २०२० साली बाबांच्या फाउंड्रीचं काम थांबलं. आधी अर्धा पगार, मग तीन महिने तोही नाही. मी तेव्हा नववी-दहावीत. घरी कुणी काही बोललं नाही. फक्त आईने कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहायला सुरुवात केली, आणि खाली दिवस मोजायची. कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी. दूध एक लिटरवरून अर्धा. चहा बाबांना पूर्ण, तिला अर्धा कप. मला वाटायचं की ती डाएट करतेय! माझी फी मात्र तारखेच्या आधी भरली गेली. आई घाबरलेली असणार, हे मला पाच वर्षांनी, हातात अडीच गोळ्यांचा हिशोब असताना कळलं. ती रोज सकाळी दार उघडत होती आणि मागे काय असेल ते तिलाही माहीत नव्हतं.

आता मूळ मुद्दा, जो लिहायला मला जड जातंय.

२००२च्या गेममध्ये एक नवा जीवघेणा नियम घातलाय. झोंबी मारला म्हणजे संपला असं नाही. तो पडून राहतो. तुम्ही पुढे जाता, चाव्या शोधता, विसरूनही जाता. बऱ्याच वेळाने त्याच खोलीतून परत जाताना तो उठतो. आता डोकं लालभडक, नखं वाढलेली, आणि आधी जो पाय घासत चालायचा तो आता धावत येतो. यांना 'क्रिमसन हेड' म्हणतात. उपाय दोनच. मारतानाच डोकं उडवायचं, नाहीतर मुडद्यावर रॉकेल ओतून जाळून टाकायचं. पण रॉकेलची बाटली एवढीशी, दोन मुडद्यांपुरती. शिवाय बाटली एक खिसा खाते आणि लायटर दुसरा. आठांतले दोन गेले. मग माणूस काय करतो? म्हणतो, राहू दे, या खोलीत कुठे परत यायचंय.

फेब्रुवारीत थर्ड सेमचा निकाल लागला. मला एम-थ्री गेला. पासिंगला चौदा मार्क कमी. धुळे आणि लातूर दोघी पास. मी म्हटलं, "सुटले." घरी सांगितलं, निकाल अजून लागला नाही, युनिव्हर्सिटीचं काय खरं नसतं. शाळेत दहा वर्षं पहिल्या तिनात आलेली मुलगी होते मी. बाबा फाउंड्रीत सगळ्यांना सांगतात, पोरगी इंजिनिअर होतेय. राहू दे, मे महिन्यात परत देऊ आणि मग एकदमच सांगू, असं ठरवलं. मुडदा तसाच ठेवून पुढे गेले.

तो उठायला लागला. आधी रविवारच्या फोनवर "निकाल?" एवढंच. मग आईने शेजारच्या मुलाकडून ऐकलं की सगळ्यांचे निकाल लागले. मग मी सांगितलं, माझ्या ब्रँचचा राहिलाय. मग रिव्हॅल्युएशनचं काहीतरी. दर आठवड्याला नवं खोटं लागायचं आणि ते मागच्यापेक्षा जोरात पळायचं. व्हिडिओ कॉल घेणं बंद केलं, कारण माझ्या चेहऱ्यावरून आईला कळतं. आणि रात्री गेम. घरचा विचार यायला लागला की मी लॅपटॉप उघडायचे. बाहेरच्या भीतीपेक्षा आतली बरी वाटायची. त्या वाड्यात निदान नकाशा होता, आणि समासात आकडे होते.

या वाड्यात मधूनमधून एक खोली लागते, तिला सेव्ह रूम म्हणतात. टाइपरायटर आणि सामान ठेवायची पेटी. पेटी अजब आहे, एका खोलीत टाकलेली वस्तू दुसऱ्या खोलीतल्या पेटीतून निघते. आणि तिथे एक संथ, थोडं उदास संगीत लागतं. ते सुरू झालं की खांदे आपोआप खाली येतात, कारण तेवढ्या खोलीत कुणी येत नाही. आम्ही कधीकधी गेम तिथेच चालू ठेवून मॅगी करायचो.

अशाच एका रात्री, जिल टाइपरायटरपाशी उभी, संगीत चालू. धुळे वाड्यातल्या एका नोकराची डायरी फिल्मी आवाजात वाचून दाखवत होती. कुत्र्यांची देखभाल करणारा माणूस, रोज लिहितो, रोग अंगात चढत जातो आणि त्याची भाषा आखडत जाते, शेवटी नुसते शब्द उरतात. वाचून झाल्यावर तीही गप्प झाली. लातूर नकाशात काहीतरी रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगली, तू महिनाभर झालं घरी फोनवर नुसतं हो, नाही, बरं, एवढंच बोलायलीस. काय झालंय?"

मी सांगितलं. खूप वेळ लागेल असं वाटलं होतं, दोन मिनिटं लागली. धुळे म्हणाली, "एम-थ्री? अगं, माझा भाऊ तीन अटेम्प्टमध्ये काढून आज पुण्यात नोकरीला आहे." लातूर काही म्हणाली नाही. तिने समासात, गोळ्या-रिबिनींच्या खाली, एक ओळ लिहिली : 'एम-थ्री – १ (जाळायचं आहे)'. मी हसले आणि मग रडले. मग मॅगी गार झाली.

दुसऱ्या दिवशी मेसच्या मागे उभं राहून बाबांना फोन लावला. बराच वेळ शांतता. मागे फाउंड्रीचा आवाज येत होता.

"किती कमी पडले?"

"चौदा."

"परत कधी आहे?"

"मे मध्ये."

"फॉर्मची फी असंल त्याची. किती?"

मी आकडा सांगितला. ते पुटपुटत काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "आईला मी सांगू का तू सांगतीस?"

"मी सांगते."

"बरं. जेवलीस का?"

एवढंच. मी महिनाभर ज्याच्यासाठी खोट्यावर खोटं रचत होते ते एवढंच होतं. अर्थात आईचा फोन एवढा सोपा गेला नाही. तिला निकालापेक्षा खोट्याचं जास्त लागलं, आणि अजूनही ती मधेच विचारते, "हे तरी खरं सांगतेस ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. गेममध्ये चूक झाली तर मागचा सेव्ह उघडता येतो. इथे तसं नाही, आणि म्हणून गेमने मला शहाणं केलं वगैरे मी म्हणणार नाही. उलट त्याच गेममागे मी महिनाभर लपले होते, हेही खरं आहे. पण त्या सेव्ह रूममध्ये दोघी शेजारी नसत्या, तर मी मे महिन्यापर्यंत ते दार उघडलं नसतं, एवढं नक्की.

गेम आम्ही मार्चमध्ये संपवला. शेवटी वाडा उडवून देतात, एक अक्राळविक्राळ प्राणी येतो, हेलिकॉप्टर येतं आणि पहाट होते. आमच्याकडेही पहाटच झाली होती, पाच वाजले होते, खाली दूधवाल्याची गाडी आली. आमच्याकडे शेवटी पिस्तुलाच्या चाळीसेक गोळ्या, चार रिबिनी आणि अर्धी बाटली रॉकेल उरलं. लातूर हळहळली, "एवढं उरवून काय केलं आपण? उगाच घाबरून राहिलो." नकाशाचा तो ग्राफ पेपर तिने फाइलला लावून ठेवलाय. त्यातली एक नोंद अजून खोडायची आहे. सध्या धुळे मला रोज रात्री साडेनऊ ते अकरा लाप्लास शिकवते. शिकवताना ती डायरीचाच आवाज काढते.

वॉचमन काकांना मात्र आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. ते दर शनिवारी जिन्याच्या दाराची लिंबू-मिरची बदलतात. परवा बदलताना मला म्हणाले, "पोरी, तुमच्या मजल्यावर आता आवाज नाही ना येत?" मी म्हटलं, "नाही काका. तुमच्या लिंबाने काम केलं."